निकाल मनाविरुद्ध लागला तर: मोजणीच्या रात्रीपासून मतदार यादीपर्यंत

लोकसभेचा निकाल मनाविरुद्ध लागला की घरात पहिला सल्ला ठरलेला: "जाऊ द्या हो, आपल्याला काय फरक पडतो?" फरक पडतो म्हणूनच वाईट वाटतं, तेव्हा हा सल्ला कुणाच्याच उपयोगाचा नाही. दुसरा सल्ला उलट्या टोकाचा: रात्रभर टीव्हीपुढे बसा आणि गणित कुठे चुकलं ते समजून घ्या. हा पहिल्यापेक्षा वाईट, कारण त्या रात्री टीव्हीवर बोलणाऱ्यालाही ते कळलेलं नसतं.

इथलं सगळं कोणत्याही पक्षाच्या मतदाराला लागू आहे. इंदुरात रामबागेत, लोकमान्य नगरात, राजेंद्र नगरात एकाच जिन्यावर दोन्ही बाजूंची घरं असतात. या खेपेला ज्याचा हिरमोड झाला त्याने वाचावं, पुढच्या खेपेला समोरच्या घरी द्यावं. देशाएवढ्या मोठ्या निराशेचं कुणालाच काही करता येत नाही. ती आपल्या बूथएवढी, आपल्या पंगतीएवढी करून घेतली की निदान हात घालता येतो. पुढच्या सगळ्या खटपटी त्यासाठी आहेत.

मोजणीची रात्र

मोजणी सकाळी आठला सुरू होते, कल दुपारपर्यंत कळतो आणि तरी टीव्ही रात्री अकरापर्यंत चालू असतो. या पंधरा तासांत चहाचे सात-आठ कप होतात, दुपारचं जेवण ताटावर अर्धं राहतं, आजोबांची रक्तदाबाची गोळी चुकते. रात्री जे "काही सुचत नाही" असं वाटतं, त्यातला निम्मा भाग निकालाचा आणि निम्मा या हालांचा. हालांचं आधी बघा, ते लवकर दुरुस्त होतं.

आपल्या मतदारसंघाचा निकाल अधिकृतपणे जाहीर झाला की टीव्ही बंद. त्यानंतर नवं काही नसतं, तेच आकडे नव्या रंगांत फिरत राहतात. आंघोळ करा. वरण-भात, तूप, लिंबू असं साधं गरम जेवण बसून जेवा. इंदूरकराला अशा रात्री सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, जाऊन मन रमवायचा मोह होणारच, पण त्या रात्री सराफ्यात दहीवड्याच्या रांगेतही विषय एकच असतो. सराफा आठवडाभराने.

चहा दुपारी चारनंतर नको. कॅफीनचा निम्मा अंश अंगातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाच्या कपाचा अर्धा परिणाम अकरालाही शिल्लक असतो. मोजणीच्या दिवशी ड्राय डे असतो, म्हणून दुसऱ्या दिवशी भरपाई करणारेही आहेत. दारूने डोळा लवकर लागतो पण उत्तररात्री झोप तुटते आणि तीन वाजता तोच निकाल पुन्हा छातीवर बसतो.

झोप आली नाही तर अंथरुणात तळमळत पडू नका. वीसेक मिनिटं वाट पाहा, मग उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा. फोन पहिल्याच खोलीत राहू द्या. चार अंक मोजत श्वास आत, सहा अंक मोजत बाहेर, असं पाच मिनिटं. बाहेर सोडायचा श्वास लांब ठेवला की नाडी मंदावते. यात अध्यात्म काही नाही, शरीराची रचनाच तशी आहे.

घरात साठीच्या पुढचं माणूस असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी रक्तदाब मोजा. त्याआधी अर्धा तास चहा नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसवा, मग एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. बोलता बोलता मोजला तर आकडा उगाच वाढलेला दिसतो, आणि निकालावर बोलता बोलता तर विचारूच नका. आकडा १८०/१२० च्या वर असून छातीत दुखणं, दम लागणं, बोलणं अडखळणं यांपैकी काही असेल तर लगेच रुग्णालय गाठा. चुकलेल्या गोळीची भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम देऊ नका.

तीन दिवस एकही निर्णय नाही

या नियमाला अपवाद ठेवू नका. पक्षाच्या पदाचा राजीनामा नाही, मंडळ सोडणं नाही, "मुलाला आता बाहेरच पाठवतो" नाही आणि पैशांचा व्यवहार तर मुळीच नाही. ४ जून २०२४ ला मोजणी चालू असताना सेन्सेक्स सुमारे ४,३९० अंकांनी कोसळला. ७ जूनला बाजार बंद झाला तेव्हा तो मोजणीच्या आदल्या दिवसाच्याही वर होता. चार तारखेला दुपारी घाबरून ज्याने म्युच्युअल फंड मोडला त्याचं नुकसान सरकारने केलं नाही, त्या दुपारने केलं.

एक व्यवहार मात्र लगेच उरका. पोहे-जिलबीची पैज हरला असाल तर दुसऱ्याच दिवशी सकाळी जाऊन पैसे द्या. पैज लांबवली की समोरचा रोज आठवण करून देतो, आणि त्या आठवणीबरोबर चार शब्द फुकटचे ऐकावे लागतात.

"हे आता पाच वर्षं असंच वाटत राहणार" ही त्या रात्रीची खात्री सहसा खोटी ठरते. अमेरिकेत टेक्सासच्या १९९४ च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत हरलेल्या बाजूच्या मतदारांना मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी आधी विचारलं होतं, निकाल विरुद्ध गेला तर महिन्याने कसं वाटेल? त्यांनी जेवढं वाईट सांगितलं होतं तेवढं महिन्यानंतर वाटत नव्हतं. म्हणून दुःख खोटं ठरत नाही. त्याची मुदत आपण फार लांब धरतो, एवढंच.

नेमकं काय गेलं ते कागदावर काढा

चौथ्या दिवशी वही घ्या. "देशाचं वाटोळं झालं" हे वाक्य लिहायचं नाही, कारण त्याला खाली कुठेच उपाय नसतो. तीन रकाने पाडा: मला काय अपेक्षित होतं, ती अपेक्षा कुणी दिली, प्रत्यक्षात काय झालं.

मधला रकाना महत्त्वाचा. २०२४ मध्ये भाजपला २४० जागा मिळाल्या, २०१९ ला ३०३ होत्या. काँग्रेस ५२ वरून ९९ वर गेली. भाजपच्या आघाडीकडे, रालोआकडे, २९३ जागा, म्हणजे बहुमताच्या २७२ पेक्षा चांगल्या एकवीस जास्त. तरीही सरकार बनवणाऱ्यांच्या कितीतरी घरांत सुतकी चेहरे होते आणि विरोधात बसणाऱ्यांकडे पेढे वाटले जात होते. कारण १ जूनच्या बहुतेक एक्झिट पोलनी रालोआला साडेतीनशेच्या पुढचे आकडे दाखवले होते. २००४ लाही असंच झालं होतं: वाजपेयी सरकार परत येणार हे जवळजवळ गृहीत धरलेलं, आणि १३ मेला वाजपेयींनी राजीनामा दिला. दोन्ही वेळा निराशेचा मोठा वाटा निकालाचा नव्हता, आधी दाखवलेल्या आकड्याचा होता. तुमच्या मधल्या रकान्यात "एक्झिट पोल", "ऑफिसमधले सगळे म्हणत होते", "आमच्या ग्रुपवर" असं आलं तर तेवढा भाग बाजूला काढून ठेवा. पुढच्या वेळी मतदान संपलं की मोजणीपर्यंत एक्झिट पोल बघायचेच नाहीत, हा यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय.

इंदूरकराचं कोडं त्यातही वेगळं. २०२४ ला काँग्रेसच्या उमेदवाराने २९ एप्रिलला अर्ज मागे घेतला, पक्षाने नोटा ("वरीलपैकी कुणीही नाही" हे बटण) दाबा म्हणून सांगितलं आणि १३ मेच्या मतदानात नोटाला २,१८,६७४ मतं पडली. त्याआधीचा देशातला विक्रम बिहारच्या गोपालगंजचा, २०१९ मधल्या ५१,६६० मतांचा. इंदुरात शंकर लालवानी यांना १२,२६,७५१ मतं. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराशी अंतर ११,७५,०९२, त्या निवडणुकीतलं देशातलं सर्वांत मोठं मताधिक्य. म्हणजे इथल्या भाजप मतदाराला घरचा विक्रम आणि दिल्लीचा हिरमोड एकाच दिवशी मिळाला, आणि विरोधी मतदाराची निराशा मोजणीच्या पाच आठवडे आधीच होऊन गेली होती.

असं मिश्र दुखणं असेल तर वहीत दोन वेगळी पानं करा. एका पानावर दिल्ली, एका पानावर इंदूर. "मला निवडच मिळाली नाही" ही तक्रार आणि "माझी बाजू हरली" ही तक्रार वेगळी आहे. दोन्हींवरचा उपाय वेगळा, आणि एकत्र कालवल्या की दोन्ही सुटत नाहीत. नोटा दाबलेल्यांनी एक स्पष्ट समजून घ्या: सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर नोटाचं बटण आलं, पण लोकसभेला नोटाला कितीही मतं पडली तरी उमेदवारांत जो पुढे तोच निवडून येतो. बटणाने नाराजी नोंदवली जाते, निकाल बदलत नाही. हे आधी माहीत नसेल तर निराशा दुप्पट होते.

रकाने भरल्यावरही डोकं भणभणत असेल तर रोज १५ ते २० मिनिटं, सलग तीन-चार दिवस, मनात येईल ते न थांबता लिहा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८० च्या दशकात ही रीत तपासली. शुद्धलेखन बघायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. फेसबुकवर टाकायचं तर अजिबात नाही. कुणीतरी वाचणार हे माहीत असलं की आपण खरं न लिहिता शोभेसं लिहायला लागतो.

फोनची डागडुजी

निकालानंतरच्या आठवड्यात बहुतेकांचं नुकसान निकालापेक्षा फोनवर जास्त होतं.

व्हॉट्सॲप आधी. नात्यागोत्याचा ग्रुप सोडायचा नाही. सोडला की "अमक्याला झोंबलं" अशी नवी चर्चा सुरू होते आणि ती तुमच्या पाठीमागे चालते. ग्रुप म्यूट करा, मुदत एक आठवड्याची ठेवा. मग तो अर्काइव्हमध्ये टाका आणि सेटिंगमध्ये चॅट अर्काइव्हच राहतील असं करून ठेवा, नाहीतर जुन्या फोनमध्ये नवा मेसेज आला की ग्रुप पुन्हा वर येतो. दिवसातून एकदा, जेवणाआधी, दहा मिनिटं उघडून वाढदिवस, आजारपण, लग्नाची तारीख एवढंच बघा.

रागाच्या भरात काही लिहून बसला असाल तर पंधरा मिनिटांच्या आत मेसेज सुधारता येतो, आणि साधारण दोन दिवसांपर्यंत "सगळ्यांसाठी डिलीट" करता येतो. स्क्रीनशॉट आधीच निघाला असेल तर डिलीट करून उलट शोभा होते. तेव्हा "रात्री जरा जास्त बोललो, माफ करा" एवढं एक वाक्य लिहा आणि थांबा. खुलासा लिहायला बसू नका. खुलाशावर खुलासा येतो.

तुम्ही ग्रुपचे ॲडमिन असाल तर तीन दिवसांसाठी "फक्त ॲडमिन मेसेज पाठवतील" हे चालू करा आणि कारण सरळ सांगा. काही जण कुरकुर करतील. करू द्या. मराठी मंडळाच्या ग्रुपवर जूनमध्ये झालेल्या भांडणाची किंमत गणेशोत्सवाच्या वर्गणीत मोजावी लागते, आणि ती वसूल करायला दारोदार फिरणारा माणूस ॲडमिनच असतो.

यूट्यूबचं दुखणं वेगळं. मोजणीच्या दिवशी चार विश्लेषणं पाहिली की पुढचे पंधरा दिवस तेच येत राहतं. पाहिलेल्या व्हिडिओंचा इतिहास थांबवा, त्या दिवशीचा इतिहास पुसा, ऑटोप्ले बंद करा आणि दोन-चार चॅनलांवर "हे चॅनल सुचवू नका" दाबा. आपल्या बाजूची विश्लेषणंही यातच मोडतात. "आपण खरं जिंकलो होतो" असं सांगणारा व्हिडिओ बघताना बरं वाटतं, आणि संपला की आधीपेक्षा वाईट.

बातमी हवीच. सकाळी छापील वर्तमानपत्र, वीस मिनिटं. कागदाला खाली सरकवत राहता येत नाही हा त्याचा मोठा गुण आहे.

सकाळी अर्धा तास चालायला जा, फोन घरी ठेवून. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात इंदुरात ऊन लवकर चढतं, तेव्हा साडेसहाच्या आत निघा. नेहरू पार्क, मेघदूत, पिपल्यापाला, जे जवळ असेल ते. घोळ पुढे होतो. चालणं संपतं पोह्याच्या ठेल्यावर, आणि ठेल्यावर रोजची मंडळी जीरावण मसाला भुरभुरत निकालाचं पोस्टमार्टेम करत असतात. आठवडाभर ठेला बदला. पोहे सगळीकडे चांगलेच मिळतात.

माणसांशी कसं बोलायचं

जिंकलेल्या बाजूचे काका चिमटा काढणारच. तयारी नसेल तर तोंडातून भलतंच निघतं, म्हणून वाक्य आधीच ठरवून ठेवा: "काका, यंदा तुमचं झालं. अभिनंदन. आता आमरस घ्या." अभिनंदन हा शब्द म्हणायचाच, तो टाळला की चिमटे चालू राहतात. तिसऱ्यांदाही विषय काढला तर, "यावर आज मी बोलणार नाही, रविवारी निवांत बसू," असं सांगा, आणि रविवारी खरंच बसा. नुसतं टाळत राहिलं तर समोरच्यालाही कळतं.

पुण्या-नागपूरचे नातेवाईक फोन करून "काय तुमचं इंदूर, एकतर्फीच!" म्हणतात, तेव्हा सगळ्या मध्य प्रदेशाची वकिली करायला बसू नका. त्यांच्याकडे पाऊस आला का ते विचारा.

नवरा-बायकोची मतं वेगळी असतील तर एकच नियम पुरेसा आहे: झोपण्याच्या खोलीत निकाल नाही. स्वयंपाकघरात हवं तेवढं भांडा, तिथे हाताला काम असतं आणि कुकरची शिट्टी झाली की थांबावंच लागतं.

पहिल्यांदा मत दिलेला अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी घरात असेल तर तिकडे नीट लक्ष द्या. "माझ्या मताने काय झालं?" हा त्यांचा प्रश्न खरा असतो. "अजून खूप निवडणुका बघशील" हे उत्तर देऊ नका, ते टोलवणं झालं. त्याऐवजी त्याला घेऊन पुढे सांगितलेला फॉर्म २० उघडा आणि त्याचं मत कुठल्या आकड्यात मोजलं गेलं तो आकडा दाखवा. आणि जुनी उदाहरणं तारखांसकट सांगा. १९७७ ला काँग्रेस १५४ जागांवर आली, तीनच वर्षांनी ३५३ वर. १९८४ ला भाजपला देशभरात दोन जागा. त्याच वर्षी ग्वाल्हेरला माधवराव शिंद्यांनी वाजपेयींना हरवलं, आणि १९९६ ला वाजपेयी पंतप्रधान झाले. आपल्या इंदुरात १९८९ ला सुमित्राताई महाजनांनी माजी मुख्यमंत्री प्रकाशचंद्र सेठींना हरवलं आणि ती धरून सलग आठ वेळा निवडून आल्या. त्या पहिल्या हरलेल्या बाजूला तेव्हा वाटलं असेल की पुढच्या खेपेला परत येऊ. उदाहरणं दोन्हीकडची सांगायची. धीर देण्यापुरतीच सांगितली की मुलं ओळखतात.

लहान मुलांसमोर "आता आपलं काही खरं नाही" हे वाक्य टाळा. त्यांना ते शब्दशः खरं वाटतं. शाळा, घर, आजी, सगळं जागच्या जागी आहे हे मोठ्याने सांगा.

आपल्या बूथचा आकडा काढा: फॉर्म २०

पाच-सहा दिवसांनी डोकं जरा थंड झालं की हे काम हाती घ्या. टीव्हीवरची विश्लेषणं जात, लाट, महिला मतदार अशा मोठ्या शब्दांत चालतात. तुमच्या गल्लीत काय झालं ते त्यांत नसतं. ते फॉर्म २० मध्ये असतं. हा निकालाचा अंतिम तक्ता, मतदान केंद्रनिहाय. मोजणीनंतर काही दिवसांनी तो राज्याच्या मुख्य निर्वाचन पदाधिकाऱ्याच्या संकेतस्थळावर येतो, लोकसभेच्या निवडणुकीतही विधानसभा क्षेत्रानुसार वेगवेगळा. इंदूर लोकसभेत आठ क्षेत्रं आहेत: इंदूर १ ते ५, राऊ, देपालपूर आणि सांवेर. महू यात नाही, ते धार लोकसभेत जातं. महूच्या नातेवाइकाचा बूथ इथे शोधत बसू नका.

आधी मतदार चिठ्ठीवरून किंवा यादीतून आपलं विधानसभा क्षेत्र आणि भाग क्रमांक काढा. मग त्या क्षेत्राची पीडीएफ उघडून ओळ शोधा. आडव्या ओळीत प्रत्येक उमेदवाराची मतं, वैध मतांची बेरीज, नोटा, एकूण. टपाली मतं केंद्रनिहाय नसतात, ती शेवटी एकत्र येतात; म्हणून बूथांची बेरीज आणि जाहीर आकडा यांत फरक दिसला की लगेच घोटाळा म्हणून ओरडू नका.

आता २०१९ चा फॉर्म २० शेजारी ठेवा. इथे हमखास चूक होते. दर निवडणुकीआधी केंद्रांची फेररचना होते, त्यामुळे तेव्हाचा १४२ आणि आताचा १४२ एकच असेल असं नाही. क्रमांकावर जाऊ नका. यादीतली गल्ल्यांची, कॉलन्यांची नावं जुळवा. एक केंद्र फुटून दोन झाली असतील तर दोन्हींची बेरीज धरा.

आणि मतं मोजू नका, टक्का काढा. उदाहरणादाखल धरू या: एका बूथवर मागच्या वेळी ६४० मतं पडली, तुमच्या उमेदवाराला ३०१. या वेळी ६८२ पडली, तुमच्या उमेदवाराला पुन्हा ३०१. "आपलं एकही मत फुटलं नाही" असं म्हणत समाधान मानाल, पण टक्का ४७ वरून ४४ वर आला. वाढलेली ४२ मतं तुमच्याकडे आली नाहीत. ही ४२ माणसं कोण? नवीन अठरा वर्षांची, नव्या मल्टीत (बहुमजली इमारतीत) राहायला आलेली, की मागच्या वेळी घरी बसलेली? हा प्रश्न देशाच्या निकालापेक्षा कितीतरी लहान आहे आणि संध्याकाळी एक चक्कर मारली तर त्याचं उत्तर मिळू शकतं.

इंदूरच्या २०२४ च्या तक्त्यात नोटाचा रकानाही असाच वाचा. ज्या बूथवर नोटा जास्त तिथे नाराज माणूस घरातून निघून, रांगेत उभा राहून, बटण दाबून परत आला. ज्या बूथवर नोटाही कमी आणि मतदानही घसरलं तिथे तो बाहेरच पडला नाही. दुसऱ्या प्रकारच्या बूथवर पाच वर्षांत जास्त मेहनत लागते.

निकालावरच शंका असेल तर

शंका मनात ठेवून कुढत बसणं किंवा ग्रुपवर ओकणं, दोन्ही निष्फळ. रस्ते ठरलेले आहेत आणि त्यांना मुदती आहेत.

मतदान संपताना केंद्राध्यक्ष प्रत्येक हजर पोलिंग एजंटला फॉर्म १७सी ची प्रत देतो. त्यात किती मतं नोंदली गेली ते असतं. तुमच्या पक्षाच्या एजंटांकडून त्या प्रती गोळा करा आणि फॉर्म २० च्या एकूण मतांशी जुळवा. बहुतेक ठिकाणी आकडे जुळतात, आणि जुळले की मनावरचं मोठं ओझं उतरतं. न जुळले तर आधी कारण शोधा: मॉक पोलची, म्हणजे मतदानाआधीच्या चाचणीची, मतं पुसायची राहिली तर तसं यंत्र बाजूला ठेवतात आणि जिंकणाऱ्याचं मताधिक्य अशा यंत्रांतल्या मतांपेक्षा कमी असेल तरच पुढची मोजणी होते.

२६ एप्रिल २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाचे उमेदवार निकालानंतर सात दिवसांच्या आत, शुल्क भरून, प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच टक्के यंत्रांची तपासणी मागू शकतात. हे फक्त उमेदवारच करू शकतो. निवडणूक याचिका मात्र त्या मतदारसंघातला कुठलाही मतदार उच्च न्यायालयात दाखल करू शकतो. मुदत ४५ दिवस, खर्चापोटी अनामत २,००० रुपये. अनामत लहान आहे, वकिलाचा खर्च लहान नाही, आणि पुराव्याशिवाय "वातावरण तर आमचंच होतं" एवढ्यावर याचिका उभी राहत नाही. दोन-तीन दिवस कागद चाळून हातात काही लागलं नाही तर तो विषय तिथेच बंद करा.

बूथवर काम केलं असेल तर

साध्या मतदारापेक्षा कार्यकर्त्याचं दुखणं जड. दीड-दोन महिने पहाटेपासून पत्रकं, याद्या, चिठ्ठ्या, आणि एका दुपारी सगळं थांबतं. फोन वाजत नाही. दुसऱ्या दिवशी दहाला करायला काही नसतं, ती पोकळी निकालापेक्षाही टोचते.

पहिल्या आठवड्यात हिशेब मिटवा. मंडपवाला, रिक्षा, माईक, चहा-नाश्ता, छपाई. बिलं जमवा आणि उमेदवाराच्या माणसाकडे लेखी पोचवा. उमेदवाराला खर्चाचा तपशील निकालानंतर तीस दिवसांत द्यावा लागतो, त्यामुळे उशिरा दिलेलं बिल कुणी विचारत नाही आणि मंडपवाला तुमच्याच दारात उभा राहतो. पराभवानंतर कार्यकर्त्याचं मन खट्टू होतं त्याचं कारण पुष्कळदा असं खिशातून गेलेल्या सात-आठ हजारांत असतं, विचारधारेत नाही.

मग ज्यांनी बरोबर काम केलं त्यांना एकेकाला फोन करा, ग्रुपवर सामूहिक आभार नको. दोषारोपाची बैठक पंधरा दिवसांच्या आत बोलावू नका. तेव्हा प्रत्येक जण स्वतःला वाचवत असतो. पंधरवड्यानंतर बोलवा आणि टेबलावर फॉर्म २० ठेवून बोलवा. आकडे समोर असले की "अमक्याने गद्दारी केली" या वाक्याला आपोआप पुरावा मागितला जातो.

हे निराशेच्या पुढचं आहे का

दोन आठवडे झाले तरी दिवसाचा बहुतेक वेळ उदास, झोप किंवा भूक बिघडलेली, आवडत्या गोष्टीत लक्ष नाही, काम होत नाही, असं असेल तर ते आता निकालाबद्दल राहिलेलं नाही. पुष्कळदा आधीचं काही साचलेलं असतं, निकाल फक्त निमित्त होतो. टेलि-मानसला १४४१६ वर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि आपल्या भाषेत बोलता येतं. प्रत्यक्ष दाखवायचं तर इंदुरात एमवाय रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे आणि बाणगंगेचं शासकीय मानसिक चिकित्सालयही. कुणी "आता जगून काय करायचं" असं बोललं तर दोन आठवडे थांबायचं नाही, थट्टाही समजायची नाही. त्याच दिवशी, त्याला एकटं न सोडता, मदत घ्या. धोका समोर दिसत असेल तर ११२.

पुढची यादी

उरलेली चीड खर्चायला सगळ्यात चांगली जागा मतदार यादी. मतदानाच्या दिवशी "नाव नाही" म्हणून परतलेली माणसं प्रत्येक मोहल्ल्यात असतात, आणि ती तेव्हाच आठवतात. २०२५ च्या शेवटी मध्य प्रदेशात यादीचं विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झालं, म्हणून जुनं नाव आहेच असं गृहीत धरू नका. मतदार ओळखपत्राचा क्रमांक टाकून मतदार सेवा पोर्टलवर बघा किंवा १९५० ला विचारा.

नवीन नावासाठी फॉर्म ६. आता वर्षातून चार तारखा धरल्या जातात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, त्या दिवशी अठरा पूर्ण झाले की नाव घालता येतं. पत्ता बदलला, नावात चूक आहे, तर फॉर्म ८. राजेंद्र नगरातून सुपर कॉरिडॉरकडे राहायला गेलेल्या कुटुंबांत हा फॉर्म हमखास राहतो आणि मत जुन्या बूथवर पडून राहतं. वारलेल्या माणसाचं नाव काढायला फॉर्म ७. तो घरच्याच माणसाने भरलेला बरा, परक्याने भरला की संशय येतो.

आपल्या गल्लीतली दहा घरं घ्या, त्याहून जास्त नाही. पन्नास घरांची यादी केली की ती कपाटात जाते. प्रत्येक घरी दोनच प्रश्न: अठराच्या पुढचे सगळे यादीत आहेत का, आणि कुणी गावाहून आलं किंवा गेलं का? कोणाला मत दिलंत ते विचारायचं नाही. अर्ज ऑनलाइन भरला तर संदर्भ क्रमांक येतो, तो घरमालकाच्याच फोनवर जपून ठेवायला सांगा, पुढे अर्जाचं काय झालं ते त्यावरच कळतं. बीएलओला (बूथच्या यादीचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला) कागद हातात दिला असेल तर पोचपावती मागून घ्या. ती नसली की तीन महिन्यांनी सगळं पहिल्यापासून.